ठवकर सर आणि न आलेली महामंदी

आर्णीच्या बसस्टँडसमोरच्या पानठेल्यावर कुणी "सध्या लय मंदी आहे" असं म्हटलं आणि ठवकर सर ऐकू येण्याच्या अंतरावर असले, की त्या माणसाचा पुढचा अर्धा तास गेला असं समजायचं. सर स्कूटर स्टँडवर लावायचे, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि अगदी शांतपणे विचारायचे, "किती तिमाही?"

पानठेलेवाला गोंधळायचा. "तिमाही नाई जी सर. दुपारपासून गिऱ्हाईक नाई, म्हणून म्हटलं."

"दुपारपासून गिऱ्हाईक नाही, याला मंदी म्हणत नाहीत. याला दुपार म्हणतात," असं सांगून सर त्याला सलग दोन तिमाही उत्पन्न घटणं म्हणजे काय ते समजावून द्यायचे. तेवढ्यात एखादं गिऱ्हाईक आलंच, तर ते सरांना पाहून पुढच्या ठेल्यावर निघून जायचं. म्हणजे आधी मंदी नसली तरी सरांच्या व्याख्यानानंतर ती हमखास यायची.

डॉ. दिगांबर ठवकर आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राचे विभागप्रमुख होते. विभागात माणसं दोन. ते प्रमुख आणि मी विभाग. बी.ए.ला आणि एम.ए.ला मी त्यांचाच विद्यार्थी होतो, पुढे त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागलो. त्यांनी तरुणपणी महामंदी आणि वऱ्हाडचा कापूस या विषयावर पीएच.डी. केली होती. प्रबंधाची एक प्रत विद्यापीठात, एक कॉलेजच्या कपाटात आणि एक त्यांच्या घरी टीव्हीशेजारी, पाहुण्याला चहाच्या आधी दिसेल अशी ठेवलेली. विद्यापीठातली प्रत कुणी वाचली असेल तर मला माहीत नाही. घरातली प्रत ठवकरकाकू दर दिवाळीला फडक्यानं पुसत, एवढाच तिला मनुष्यस्पर्श.

वर्गात मात्र महामंदीचा धडा आला की सरांचा आवाज बदलायचा. एखाद्यानं स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगावी तसं ते सांगायचे. अमेरिकेत शेअरबाजार कसा कोसळला, बँकांपुढे रांगा कशा लागल्या, आणि तिकडच्या त्या उलथापालथीची धग इकडे वऱ्हाडातल्या कापसाच्या गाड्यांपर्यंत कशी पोचली. त्यांचा जन्म या सगळ्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. तसं काही पुन्हा आपल्या हयातीत घडावं अशी त्यांची इच्छा होती, असं मी म्हणणार नाही. पण घडलं तर आपण हजर असावं, असं त्यांना नक्की वाटत होतं.

अडचण अशी, की कुठलीच मंदी त्यांच्या पसंतीला उतरत नव्हती. "खोली, लांबी आणि रुंदी," ते सांगत. "किती खोल गेली, किती वर्षं टिकली, किती देशांत पसरली. विहीर खोदतानाही माणूस हेच पाहतो. आणि महामंदी ही पदवी आहे, राठोड. ती येणाऱ्याजाणाऱ्याला देत नसतात. मला माझी मिळवायला नऊ वर्षं लागली." जगातल्या मंद्या सरांपुढे तोंडी परीक्षेला बसायच्या आणि एकामागून एक नापास होऊन जायच्या. एखादीला खोली कमी पडायची, एखादीला लांबी. नोटबंदीत सर स्वतः तीन दिवस बँकेच्या रांगेत उभे राहिले, उन्हानं चक्कर येऊन ओट्यावर बसले, आणि पाणी पिऊन झाल्यावर पहिलं वाक्य बोलले, "रुंदी नाही. एकाच देशात आहे."

जिल्ह्यातल्या वार्ताहरांना हे पाठ झालं होतं. बाजार जरा पडला की त्यांचा फोन यायचा आणि दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर सरांच्या फोटोखाली छापून यायचं, ही महामंदी नव्हे. वाचणाऱ्यांचं त्यानं काय समाधान व्हायचं कोण जाणे. सरांचं व्हायचं. त्यांचा पगार एक तारखेला होत असे, वेतन आयोग वेळेवर लागू होत असे, आणि महागाई वाढली की भत्ताही वाढत असे. अशा उंच आणि कोरड्या जागेवर बसून पुराची पातळी मोजायला फार निवांत वाटतं.

मी त्या वेळी खाली पाण्यात होतो. अकरा वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे, सुट्टीत काहीच नाही, आणि दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत. मला अकरा वर्षं ओळखणारे चार लोक टेबलापलीकडे बसून विचारायचे, "स्वतःबद्दल थोडं सांगा." सरांना माझ्याबद्दल कणव होती, पण ती त्यांच्या पद्धतीनं बाहेर पडायची. बेकारीचे प्रकार शिकवताना ते मला मुद्दाम वर्गात बोलवायचे आणि मुलांना म्हणायचे, "हे राठोड सर पाहा. रोज येतात, रोज शिकवतात. दिसतात की नाही कामावर? पण हे बेकार आहेत. याला प्रच्छन्न बेकारी म्हणतात. पुस्तकातल्यापेक्षा हे उदाहरण चांगलं आहे, लिहून घ्या." मुलं लिहून घ्यायची. त्या वर्षी परीक्षेत तो प्रश्न आला आणि निम्म्या मुलांनी उत्तरात माझं नाव लिहिलं.

टाळेबंदीच्या उन्हाळ्यात सरांचं खरं रूप मला पाहायला मिळालं. त्यांचं घर यवतमाळकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून. कुठून कुठून निघालेली माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन त्या रस्त्यानं पायी चालली होती. ठवकरकाकू सकाळपासून भाकऱ्या थापून फाटकाशी वाटत होत्या. सर वही घेऊन त्यांच्याशेजारी उभे. भाकरी घेणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "कुठल्या कारखान्यात होता? किती दिवसांपासून बंद? मालक काय म्हणाला?"

काकूंनी पाचसहा माणसं जाऊ दिली आणि मग त्या भडकल्या. "अहो, त्याच्या पायाले फोड आले, अन् तुमी मालकाचं नाव काहून विचारून राह्यले? ठेवा ते वही. माठ भरून आणा आधी!"

सरांनी वही खिशात घातली आणि माठ भरून आणला. पुढचे आठ दिवस ते पाणी वाहत होते. पण नववा दिवस उजाडला आणि मी तिथे गेलो, तेव्हा माठाशेजारी स्टूल, स्टुलावर वही. पाणी पिऊन झालेल्या माणसाला आता प्रश्न विचारले जात होते. काकूंनी तेवढी सवलत दिली होती. वही भरल्यावर सर मला म्हणाले, "खोली आहे, राठोड. रुंदीही आहे. लांबीचं पाहू." त्यांच्या डोळ्यांत चमक होती की पाणी, ते मला ठरवता आलं नाही. पुढे कारखाने सुरू झाले आणि लांबी कमी पडली. तीही नापास.

त्यानंतर एका हिवाळ्यात कॉलेजचं शिबिर आमच्या तांड्यावर भरलं. आर्णीपासून थोड्या अंतरावर आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. संध्याकाळी सरांनी समाजमंदिरात महामंदीवर व्याख्यान दिलं. ऐकायला शिबिरातली मुलं होती आणि मागं पाचसहा म्हाताऱ्या, त्यांत माझी याडी, म्हणजे आई. घरी आम्ही गोरबोली बोलतो, पण परक्याशी ती वऱ्हाडीत बोलते. व्याख्यान संपल्यावर कुणाला शंका आहे का, असं सरांनी विचारलं. याडी उठली.

"सर जी, ते मंदी आली हे वळखाचं कसं?"

सर खूश झाले. त्यांनी सोपं करून सांगितलं. गावात हाताला काम उरत नाही. पिकाला भाव येत नाही. घरांना कुलपं लागतात, आणि माणसं बायकापोरं घेऊन दूरदेशी कामासाठी जातात.

याडीनं मान हलवली. "मंग आमच्या इथं तं ते दरसाली येते. दिवाळी झाली का अर्धा तांडा ऊस तोडाले जाते पश्चिमेकडं. आता हे घरं पाहा न तुमी, कुलपंच कुलपं. आमाले माहीतच नवतं का तिले एवढं मोठं नाव आहे म्हणून."

मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. "आजी, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण ती मंदी नव्हे. मंदी येते आणि जाते. तुमची जात नाही. त्यामुळे ती संरचनात्मक आहे."

"बरं जी," याडी म्हणाली आणि बसली. घरी आल्यावर तिनं मला गोरबोलीत विचारलं, "तुझे सर चांगले आहेत. पण त्यांना आपलं दुखणं कळलं की फक्त नाव कळलं?" मला ते वाक्य आवडलं आणि पुढे दोन वर्षं ते मी कॉलेजच्या कँटीनमध्ये माझंच म्हणून सांगून लोकांना हसवलं.

मग आत्ताचे हे दिवस आले. बाहेरदेशी आपलं कापड आणि सूत जाईनासं झालं, कापसाचा भाव बसला, सोयाबीन हमीभावाच्याही खाली विकलं जाऊ लागलं. आर्णीतली दुकानं उघडी दिसायची, पण दुकानदार दारात खुर्ची टाकून मोबाईल पाहत बसलेले. आणि एका सोमवारी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीच्या गेटला कुलूप लागलं. कुलपाशेजारी कागद होता. जागतिक महामंदीच्या परिस्थितीमुळे पुढील सूचनेपर्यंत काम बंद.

त्या कागदाचा फोटो पेपरात आला. सर पेपर घेऊन विभागात आले ते संतापानं लाल होऊन. मला वाटलं, इतकी माणसं एका सकाळी रस्त्यावर आली म्हणून. ते कागदावर बोट आपटत म्हणाले, "महामंदी? यांना हा शब्द वापरायचा अधिकार कुणी दिला?"

अधिकार कुणी द्यायची गरज नव्हती. गिरणी आमच्या अध्यक्षसाहेबांची होती, आणि कॉलेजही त्यांचंच. गिरणीत ते माणसं रोजावर ठेवत आणि कॉलेजात तासावर. दोन्ही धंदे त्यांनी एकाच अकलेवर उभे केले होते. त्यांनी मला बंगल्यावर बोलावून घेतलं. वरच्या मजल्यावर फरशी कापण्याचं मशीन चालू होतं, त्यामुळे महामंदीबद्दल आम्हाला जरा ओरडूनच बोलावं लागलं.

"राठोड सर," ते म्हणाले, "कामगार कार्यालयात तारीख आहे. तिथं एक टिपण द्यायचं आहे. अर्थशास्त्र विभागाचं. ही महामंदी आहे, एवढंच, पण अभ्यासू भाषेत. म्हणजे गेट बंद ठेवल्याचा दोष आपल्यावर येत नाही. यंदा तुमची जागा कायम भरून टाकू म्हणतो मी. किती दिवस तासावर राहणार?"

"पण ठवकर सर सही करणार नाहीत," मी ओरडलो.

"करतील न. ते रिटायर होऊन राह्यले. त्यांच्यासाठी संशोधन केंद्र काढतो. संचालक! माणूस कायले नाही म्हणेल?"

त्या रविवारी दुपारी मी चार पानं लिहिली. कुणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. खोली, लांबी, रुंदी, सरांनीच शिकवलेल्या तिन्ही अटी मी एकेक करून बसवल्या. जिथं आकडा बसेना तिथं "तज्ज्ञांच्या मते" असं लिहिलं. तज्ज्ञ म्हणजे मी. लिहिताना लाज वाटली का, तर थोडी वाटली. पण जास्त करून मला कौतुकच वाटत होतं, की आपल्याला हे किती सहज जमतं. इतकी वर्षं सरांची खिल्ली उडवणारा मी, त्यांचीच व्याख्या हवी तशी वाकवून दाखवत होतो.

अध्यक्षसाहेबांना घाई होती. सरांची सही घेण्याआधीच त्यांनी यवतमाळात व्यापाऱ्यांच्या सभागृहात परिसंवाद ठेवला. विषय, आजची मंदी ही दुसरी महामंदी आहे काय? पुढच्या खुर्च्यांवर व्यापारी, पेपरवाले, दोनतीन पुढारी. मागं भिंतीला टेकून गिरणीतले कामगार उभे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या दिवसांत त्यांना वेळच वेळ होता.

अध्यक्षसाहेबांनी माझी चार पानं वाचून दाखवली. "हे माझं मत नाही, आमच्या अर्थशास्त्र विभागाचा अभ्यासपूर्ण निष्कर्ष आहे," असं म्हणून त्यांनी टिपण सरांपुढे ठेवलं, वर पेन ठेवलं, आणि माइक सरांकडे सरकवला. मी तिसऱ्या रांगेत बसून माझे बूट पाहत होतो.

सरांनी चार पानं सावकाश चाळली. तिसऱ्या पानावर ते जरा थांबले. मग म्हणाले, "विभागप्रमुख मी आहे. हे टिपण मी आत्ता प्रथम पाहतो आहे. कुणी लिहिलं ते मी विचारणार नाही. पण यावर माझी सही नाही, आणि होणार नाही."

पेन त्यांनी परत साहेबांच्या पुढ्यात ठेवलं आणि बोलायला लागले. पाऊण तास बोलले. भाव पडलेत, मान्य. निर्यात थांबली, मान्य. शेतकरी अडचणीत आहे, मान्य, तो नसतो कधी? पण बँका चालू आहेत, जगातले कारखाने चालू आहेत, आणि वर्ष अजून पुरं झालेलं नाही. खोली नाही, लांबी नाही. "शिवाय मंदीची पहिली खूण बांधकामात दिसते," ते रंगात येऊन म्हणाले. "खरी मंदी असेल तर माणूस आधी घराचं काम थांबवतो. परवा मी अध्यक्षसाहेबांकडे गेलो होतो. वरच्या मजल्यावर फरशी बसवणं जोरात चालू आहे. म्हणजे बांधकाम क्षेत्र सुदृढ आहे."

सभागृहात हशा पिकला. मागच्या भिंतीपासून सुरू झाला आणि पुढच्या खुर्च्यांपर्यंत आला. सरांना कशाला हसतात ते कळेना. व्याख्यानात अडथळा आल्यासारखे ते कपाळाला आठ्या घालून हशा संपायची वाट पाहत उभे राहिले. त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांनी उदाहरण दिलं होतं.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. शोभाताई तिचं नाव, गिरणीत बॉबिनवर सूत गुंडाळायच्या खात्यात होती. "सर जी, म्हंजे हे महामंदी नाई न?"

"नाही."

"पक्कं?"

"बाई, माझं सगळं आयुष्य यात गेलं."

"मंग आमच्या गिरणीचं गेट काहून बंद आहे?"

सरांनी चष्मा काढला. सवयीनं पुसला. खरंच विचार केला, हे दिसत होतं. मग म्हणाले, "तो अर्थशास्त्राचा प्रश्न नाही. तो मालकांना विचारा. ते इथेच बसलेले आहेत."

आणि सगळं सभागृह अध्यक्षसाहेबांकडे पाहायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोटो पाचव्या पानावरून पहिल्या पानावर आला. मथळा तोच, तीस वर्षं जुना, ही महामंदी नव्हे. शोभाताईनं ते कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून कामगार कार्यालयात नेलं. साहेबांच्या वकिलानं माझं टिपण काढलंच नाही. ज्या विभागाचं टिपण, त्याचाच प्रमुख उलट बोलला, तर ते दाखवून करायचं काय? तारखा पडल्या, बोलणी झाली, आणि सहासात आठवड्यांनी गेट उघडलं. एकच पाळी सुरू झाली. सगळ्यांना परत घेतलं नाही. कारखान्यांच्या गोष्टी एवढ्याच चांगल्या संपतात.

संशोधन केंद्र अर्थातच निघालं नाही. सर निवृत्त झाले त्या दिवशी प्राचार्यांना अचानक अमरावतीला बैठक निघाली आणि बाकीच्यांना आपापल्या घरची कामं. निरोप समारंभ झाला नाही. शिपायानं येऊन कपाटाची किल्ली मागितली, तोच निरोप. सरांनी किल्ली दिली आणि शिपायाला सांगितलं, की खालच्या खणात उंदीर आहेत, लक्ष ठेव.

त्याच आठवड्यात शोभाताई आणि आणखी चार बाया पेढे घेऊन त्यांच्या घरी आल्या. मी तिथेच होतो. सरांना वाटलं, यांना व्याख्यानातल्या काही शंका विचारायच्या आहेत. ते सोप्या उदाहरणानं सुरुवातही करणार होते. शोभाताईनं त्यांना थांबवलं. "सर जी, तुमी आमच्यासाठी बोलले. एवढ्या मोठ्या माणसासमोर. आमी नाई विसरणार."

"नाही, नाही," सर गडबडून म्हणाले. खोटं श्रेय घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मी तुमच्यासाठी नाही बोललो. मी व्याख्येसाठी बोललो."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. "ठेवा बाई पेढे. त्याईच्या तोंडाकडं नका पाहू. ते असेच आहेत. माणूस वाचवतीन अन् म्हणतीन, मी तं फक्त त्याचं वजन करून राह्यलो होतो."

पुढे दोनतीन महिन्यांनी सर आणि काकू पुण्याला मुलीकडे राहायला गेले. सामान बांधायला मी गेलो होतो. पुस्तकं खोक्यांत भरताना बराच वेळ आम्ही दोघंच होतो. सुतळीची गाठ मारता मारता सर म्हणाले, "ते टिपण तू लिहिलं होतंस."

मी गाठीवर बोट धरून होतो. ते तसंच राहिलं.

"तिसऱ्या पानावर उत्पादन आणि उत्पादकता यात गोंधळ होता. तू तो बी.ए.ला करायचास. एम.ए.लाही करायचास. मी सभागृहात तिथेच ओळखलं."

"सर, मला..."

"जागा मिळाली का?"

"नाही."

सर माझ्याकडे पाहत राहिले. वर्गात, सभेत, घरी, ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना त्यांच्या आईच्या भाषेत बोलताना ऐकलं. "मंग फुकटच खोटं लिहिलं राजा तू!"

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. माफ केलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी नुसता माझ्या व्यवहाराचा हिशेब चुकलेला दाखवला, आणि दुसरं खोकं पुढे ओढलं. जिल्ह्यातल्या सगळ्यात हास्यास्पद माणसापुढे बसून, आपण त्याच्याहून कितीतरी खाली आहोत, हे कळायला मला सुतळीचं एक आख्खं बंडल लागलं.

उन्हाळ्यात अध्यक्षसाहेबांचा फोन आला. गिरणीच्या मागची जागा त्यांना प्लॉट पाडून विकायची होती. पेपरात एक लेख हवा होता. "राठोड सर, अभ्यासू भाषेत लिहा. जिल्ह्यात तेजी येऊन राह्यली, गुंतवणुकीची हीच वेळ आहे. तुमच्या जागेचंही पाहतो या वेळी."

"साहेब," मी म्हणालो, "मले कुठी तेजी दिसली नाई."

फोन बंद झाला. जूनमध्ये तासिकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. स्वतःबद्दल थोडं सांगायची वेळ त्यांनी माझ्यावर आणलीच नाही. आता मी नेरला एका कनिष्ठ महाविद्यालयात तासावर शिकवतो. आर्णीहून यवतमाळ, यवतमाळहून नेर, अशा दोन गाड्या बदलून जातो. पहिल्या आठवड्यात एका दुपारी नेरच्या स्टँडवर परतीच्या गाडीची वाट पाहताना मी सरांना पुण्याला फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

सरांनी घसा साफ केला.

"नाही म्हणालास ते बरोबर केलंस. पण कारण चुकीचं दिलंस. 'दिसली नाही' म्हणजे काय? तेजी ही काय दिसायची गोष्ट आहे? तुला दिसत नसेल आणि आलेलीही असेल. आधी आकडे पाहायचे. आता समज, मागच्या वर्षीची पेरणी..."

समोर यवतमाळची गाडी लागली. कंडक्टरनं दोनदा आवाज दिला. मी हातानं त्याला नको म्हटलं, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि ऐकत राहिलो.